टाकीत कापूर टाकून ॲव्हरेज वाढत नाही, प्लीज टाकू नका

तो मेसेज मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय, तुम्हालाही आला असेल. ५ लिटर पेट्रोलमध्ये १० ग्रॅम कापूर किंवा २ डांबर गोळ्या टाका, नाहीतर थोडं ॲसिटोन ओता, ॲव्हरेज २०-३० टक्के वाढतं आणि गाडीच्या कंपन्या हे मुद्दाम लपवतात. आमच्या नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत जाणारी पोरं, डिलिव्हरीवाली पोरं हे खरंच करायला लागलीत, आणि त्यांचं पोटच गाडीवर आहे म्हणून लिहायला बसलो.

म्हणे कापूर भडकन पेटतो म्हणून ताकद वाढते. हिशोब करून बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे ५ लिटरमध्ये १६०, आणि १० ग्रॅम कापरात फार तर ०.४. ५० चं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला लिटरमागे जेमतेम सव्वाशे मीटर जास्त मिळतील, ते पण कापूर फुकट मिळाला असं धरून! ॲसिटोनचं तर उलटंच आहे, त्यात लिटरमागे पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते.

मग म्हणतात पेट्रोल अर्धवट जळतं, हे टाकलं की पूर्ण जळतं. अहो, चांगल्या चालू इंजिनात ९७-९८ टक्के पेट्रोल तसंही जळतंच. वाया जाते ती उष्णता, सायलेन्सरमधून आणि इंजिन तापून, चाकापर्यंत पोचतो तो जेमतेम चौथा हिस्सा, आणि त्या उष्णतेला कापूर काय करणार? कोणी म्हणतं ऑक्टेन वाढतं, त्याचंही तेच, ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, पेट्रोल अवेळी पेटून इंजिन खडखडू नये (म्हणजे नॉक होऊ नये) म्हणून पेट्रोलला लागणारा गुण आहे तो, साध्या पेट्रोलवर चालायला बनवलेल्या गाडीला जास्तीच्या ऑक्टेनने काही मिळत नाही.

"पण मी स्वतः बघितलंय" म्हणणाऱ्यांशी मात्र मला नीट बोलायचंय कारण ते खोटं बोलत नाहीयेत. माझ्या भाच्याने पाथर्डी फाट्यावर टाकी फुल केली, कापूर टाकला आणि कल्याणला गेला, ॲव्हरेज झकास आलं. पण नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि कसारा घाट उतरताना गाडी जवळजवळ फुकटात धावते, येताना तोच घाट चढताना त्याने काही मोजलंच नाही. शिवाय ॲव्हरेज मोजायचंय म्हटल्यावर माणूस आपोआप हळू चालवतो, पुढचा सिग्नल लाल दिसला की आधीच ॲक्सिलरेटर सोडतो. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला दिवस आणि रविवारची मोकळी सकाळ यात तर तसाही फरक पडतोच. खरं मोजायचं असेल तर त्याच पंपावर, त्याच नोझलला ऑटो कट होईपर्यंत भरा, रोजच्याच रस्त्यावर तीन टाक्या कापूर न टाकता चालवा, जाऊन-येऊन सगळं धरा आणि मगच तुलना करा.

नुकसानाचं कोणी बोलतच नाही. डांबर गोळ्या सगळ्या नॅप्थलीनच्या नसतात, काहींमध्ये क्लोरीन असलेलं दुसरं केमिकल असतं आणि ते जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं, इंजिनमध्ये ॲसिड! ॲसिटोन रबरी सील फुगवतं, आणि ओतताना टाकीवर सांडलं तर रंगही काढतं.

हां, एक गोष्ट मान्य, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून लोक ॲव्हरेज पडलं म्हणतात त्यात तथ्य आहे, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. पण ती तूट डांबर गोळीने भरून निघत नाही. टायरमधली हवा, घासणारा ब्रेक, सैल चेन, घाण एअर फिल्टर हे बघा आणि ४५-५५ चा स्पीड धरा, फरक तिथेच पडतो.

आणि कंपन्या लपवतात म्हणे. ज्या कंपन्या एकेका किलोमीटरवरून जाहिरातीत भांडतात, त्यांना दोन रुपयांच्या गोळीने २० टक्के मिळत असते तर त्यांनी ती शोरूममध्येच टाकीत टाकून दिली असती ना?

कोणी आधीच टाकलं असेल तर एखाद्या वडीसाठी घाबरू नका, साध्या पेट्रोलने टाकी फुल करा आणि चालवा. मूठभर गोळ्या किंवा बाटलीभर ॲसिटोन टाकलं असेल तर मात्र गाडी चालू न करता ढकलत गॅरेजला न्या, टाकी रिकामी करून घ्या.