जुनी वाद्यं आणि ‘संग्रहालय’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या वाद्यांवर बरोक संगीत (साधारण 1600 ते 1750 या काळातलं युरोपीय संगीत) वाजवणाऱ्या आजच्या कलावंतांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही बरंच कडक लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: ही वाद्यं सदोष होती म्हणूनच मागे पडली, जर्मन संगीतकार बाखच्या (1685–1750) काळचं ध्वनिमुद्रण नाही, तेव्हा ‘त्या काळी असंच वाजायचं’ हा दावा खोटा, आणि एकंदरीत हे युरोपातल्या हौशी मंडळींनी चालवलेलं संग्रहालय आहे. शिवाय आधुनिक वाद्यांवर बाख सादर करणाऱ्या कार्ल रिश्टर या संचालकाच्या म्यूनिकच्या वृंदाची भव्यता या छोट्या ताफ्यांना कधीच जमणार नाही, असंही तुम्ही म्हणता. तुम्ही मन लावून ऐकता हे त्यातून कळतं, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

वाद्यं सदोष होती हे मला अजिबात पटत नाही. सभागृहं मोठी झाली, मोठा आवाज हवा झाला, म्हणून वाद्यं बदलली. आज मैफलीत वाजणाऱ्या जवळजवळ सगळ्या स्ट्राडिवारी व्हायोलिनांची मानसुद्धा नंतर बदललेली आहे. आवाज वाढला खरा, पण वाद्यांचा आपसातला समतोल गेला. बाखच्या पाचव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोचा (काही वाद्यं पुढे आणि वृंद साथीला, अशी रचना) पहिला भाग घ्या. व्हायोलिन, आडवी बासरी आणि हार्पसिकॉर्ड (पियानोसारखंच पट्ट्यांचं, पण तारा छेडून वाजणारं वाद्य) पुढे, मागे मोजकी तंतुवाद्यं. पोलादी तारांची व्हायोलिनं आणि धातूची बासरी घेतली की हार्पसिकॉर्ड त्यांच्याखाली दबून जातं. तीच रचना तातीच्या, म्हणजे प्राण्यांच्या आतड्यांच्या, तारांवर आणि लाकडी बासरीवर ऐका. हार्पसिकॉर्डचा एकेक स्वर वेगळा कळतो. मग हळूहळू बाकीचे थांबतात आणि एरवी मागे बसून साथ करणारं हे वाद्य साठाहून जास्त बार (तालाची छोटी आवर्तनं) एकटंच वाजत राहतं. 1721 साली हे करणं केवढं धाडसाचं होतं, ते तेव्हाच लक्षात येतं.

हार्पसिकॉर्डचीच आणखी एक गोष्ट. पट्टी हळू दाबा की जोरात, तार छेडली जाते ती जवळपास तेवढ्याच आवाजात. मग एखादा स्वर ठसवायचा कसा? डच हार्पसिकॉर्डवादक गुस्ताव लेओनहार्ट (1928–2012) आधीच्या स्वरावरचं बोट किंचित लवकर उचलायचे आणि पुढचा स्वर निमिषभर उशिरा आणायचे. मधल्या त्या रिकाम्या जागेमुळे पुढचा स्वर मोठा झाल्यासारखा वाटतो. आवाज तेवढाच असतो, पण कानाला वजन जाणवतं. याला वाद्याचा दोष म्हणायचं, की त्या वाद्याने घडवलेली कला?

दुसऱ्या मुद्द्यातलं अर्धं मला मान्य आहे. बाखने काय ऐकलं ते आपल्याला कळणार नाही, आणि जाणकार वादक तसा दावा करतही नाहीत. वाद्यं जुळवताना ते ए हा स्वर 415 हर्ट्झला लावतात, आधुनिक वृंद साधारण 440 ला. पण 415 हा आजच्या सोयीचा आकडा आहे, बरोबर अर्धा स्वर खाली. त्या काळी सुराची पट्टी गावोगाव वेगळी असायची, हे तेच सांगतात. मात्र त्या काळचं काहीच हाती नाही असंही नाही. कूपरँने 1716 मध्ये, क्वान्ट्झने 1752 मध्ये, बाखच्या मुलाने 1753 मध्ये, लेओपोल्ड मोझार्टने 1756 मध्ये वादकांसाठी लिहून ठेवलंय: बोटं कशी ठेवायची, गज कसा चालवायचा, कुठला अलंकार कुठे घ्यायचा.

आणि मूळ कागद आहेतच. साथीच्या हार्पसिकॉर्डवादकापुढे खर्जाची एकच ओळ असते. स्वरांपाशी बारीक आकडे: 6, 7, कुठे 5 वर 6. त्या खर्जावर कोणते स्वर उभे करायचे एवढंच ते सांगतात. किती घ्यायचे, कुठल्या सप्तकात, एकदम की ओघळते, गायिकेचा आवाज नाजूक असेल तर दोनच घ्यायचे का, हे सगळं वादकाने जागच्या जागी ठरवायचं. भातखंड्यांच्या पुस्तकातली बंदिश नुसती स्वर वाचून म्हटली तर गाणं होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तिकडे मात्र पुढे संपादकांनी उजव्या हाताचे सगळे स्वर छापून दिले आणि वादक ते वाचत बसले. ठरवण्याचा तो हक्क वादकाला परत मिळाला, हीच मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आता ‘संग्रहालया’बद्दल. जुनी वाद्यं पुन्हा वाजती करणाऱ्यांपैकी एक, निकोलाउस हार्नोनकूर, 1952 ते 1969 व्हिएन्ना सिंफनीत चेलो वाजवून घर चालवत होते. 1953 मध्ये पत्नी आलिस आणि काही सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी ‘कोन्त्सेंटुस मुझिकुस’ हा जुन्या वाद्यांचा वृंद काढला, आणि चार वर्षं तालमी केल्यावर, 1957 मध्ये, तो लोकांपुढे आणला. संग्रहालयच मांडायचं असतं, तर याच माणसाने पुढे चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप या आधुनिक वाद्यांच्या वृंदाकडून बेथोवनच्या नऊही सिंफनी वाजवून घेतल्या नसत्या.

‘युरोपातली हौशी मंडळी’ हे तर वस्तुस्थितीला धरूनच नाही. कोबेत जन्मलेल्या मासाआकी सुझुकींनी 1990 मध्ये बाख कोलेगियुम जपान हा वृंद स्थापन केला आणि 1995 ते 2013 या काळात कोबेमध्येच बाखच्या सगळ्या चर्च कॅन्टाटा (चर्चसाठीच्या गायन-वादनाच्या रचना) मुद्रित केल्या. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियातल्या चिकितोस या भागाचं उदाहरण. तिथल्या मूळ रहिवाशांना जेझुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी बरोक संगीत शिकवलं. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकलून दिलं. पाद्री गेले, तरी गावातले वादक ते संगीत वाजवत आणि वह्या उतरवून ठेवत राहिले. 1972 पासून स्विस वास्तुतज्ज्ञ हान्स रोट तिथली चर्चेस दुरुस्त करू लागले, तेव्हा हजारो पानं मिळाली. त्यांत इटलीत जन्मून अर्जेंटिनातल्या कोर्दोबात 1726 मध्ये वारलेल्या दोमेनिको झिपोली या संगीतकाराच्या रचनाही होत्या. 1996 पासून त्या भागातल्या चर्चेसमध्ये दर दोन वर्षांनी महोत्सव होतो, आणि उरुबिचासारख्या गावची ग्वारायो या मूळ जमातीची मुलं हे संगीत शिकतात, वाजवतात. त्या मिशनऱ्यांचा इतिहास निर्मळ नाही, मान्य. पण ज्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, त्यांना ते परकं आहे असं आपण इथे बसून कसं ठरवायचं?

राहिला रिश्टर. त्याचं 1958 चं ‘मॅथ्यू पॅशन’ (येशूच्या यातना आणि मृत्यूवरची बाखची गायनरचना) मलाही फार प्रिय आहे. जुन्या वाद्यांवर वाजवणाऱ्या नेदरलँड्स बाख सोसायटीने त्याच रचनेचं चित्रीकरण इंटरनेटवर मोफत ठेवलंय. फक्त सुरुवातीचा कोरस (समूहगीत) लावा. दोन गायकवृंद आहेत. एक म्हणतो ‘पाहा’, दुसरा मध्येच विचारतो ‘कोणाला?’, पुन्हा ‘पाहा त्याला’, आणि लगेच ‘कसा?’. रिश्टरकडे हे प्रश्न प्रचंड जमाव गर्जून विचारतो. इथे समोर उभी असलेली मोजकी माणसं विचारतात. दोन्ही ऐका. तरीही रिश्टरच श्रेष्ठ वाटला, तर नेमका कशामुळे ते इथेच लिहा. मला ते वाचायचंय.