रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे

“डेटाच्या दोन-तीन रेप्लिका चालू असतील तर वेगळा बॅकअप हवाच कशाला? काही बिघडलं तर रेप्लिका प्रमोट करा, पाच मिनिटांत ॲप्लिकेशन सुरू.” हा सल्ला आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर सारखा फिरतो. नवी मुलं तो खरा मानतात, म्हणून लिहितोय. रेप्लिका म्हणजे मूळ डेटाबेसची, म्हणजे प्रायमरीची, सतत जुळवली जाणारी प्रत; ‘प्रमोट’ म्हणजे तिलाच प्रायमरी बनवणं.

‘काही बिघडलं तर’ म्हणजे नेमकं काय? डिस्क किंवा मशीन गेलं असेल, तर प्रमोट करणं योग्यच. पण कोणी ‘व्हेअर’ (कोणत्या नोंदी, ही अट) न लावता ‘डिलीट’ चालवून सगळं टेबलच पुसलं, तर? रेप्लिकेशनला चूक-बरोबर कळत नाही. रेप्लिका मागे नसेल तर तीच नासाडी क्षणात तिकडेही जशीच्या तशी उतरते.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या वेब-सेवेत काय झालं ते पाहा. रेप्लिका मागे पडली होती. तिची डेटा डिरेक्टरी रिकामी करून नव्याने सिंक करायचं होतं. पुसायची कमांड मात्र चालली प्रायमरीवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, कमांड थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. प्रमोट करणार काय? रेप्लिका आधीच पुसलेली. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुळत नसल्यामुळे रोजचे डंप (फाइलमध्ये काढलेले बॅकअप) बनतच नव्हते, आणि ते सांगणारे ईमेल डीमार्क या ईमेल-पडताळणीमुळे नाकारले जात होते. तारलं ते सुमारे सहा तास आधी स्टेजिंगसाठी (चाचणीच्या सर्व्हरसाठी) हाताने काढलेल्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटने, म्हणजे लिनक्सने टिपलेल्या डिस्कच्या त्या क्षणाच्या स्थितीने. नुसती कॉपी व्हायला सुमारे १८ तास लागले. मधल्या सहा तासांचा डेटाबेसमधला डेटा परत मिळालाच नाही. हे सगळं त्यांनी स्वतःच उघडपणे मांडलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

“मग स्नॅपशॉटवरून प्रायमरीवर उलटं सिंक करा,” असंही सुचवतात. एका टेबलसाठी तसं करू नका. पूर्ण व्हॉल्यूम (डिस्कचा तो भाग) स्नॅपशॉटच्या क्षणाला मागे जातो आणि नंतरच्या चांगल्या नोंदीही जातात. आधी रेप्लिकेशन तोडा, म्हणजे बिघाड पुढे सरकणार नाही. मग स्नॅपशॉटचा क्लोन दुसऱ्या सर्व्हरवर माउंट करून हवं तेवढंच टेबल उचला. चूक कधी झाली ते नक्की माहीत असेल, तर बेस बॅकअपवर (पूर्ण डेटाबेसच्या बॅकअपवर) वॉल लॉग, म्हणजे पोस्टग्रेसने ठेवलेली प्रत्येक बदलाची नोंद, त्या क्षणाच्या आधीपर्यंत चढवा. पोस्टग्रेसमध्ये मुद्दाम एक तास मागे चालणारी रेप्लिकाही ठेवता येते. चूक तासाच्या आत पकडली, तर तीच कामी येते.

स्नॅपशॉट म्हणजे डेटा सुसंगत, हेही गृहीत धरू नका. डेटाफाइल एका व्हॉल्यूमवर, लॉग दुसऱ्यावर, आणि दोन्हींचे स्नॅपशॉट तीन सेकंदांच्या फरकाने निघाले, तर डेटाबेस उघडेलच याची खात्री नाही. दोन्ही व्हॉल्यूम एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये घ्या, म्हणजे दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच क्षणाचे निघतील.

आता ती ‘पाच मिनिटं’. ती कोणी मोजली होती? आजच रात्री एक स्नॅपशॉट रिकाम्या सर्व्हरवर उतरवा, डेटाबेस उघडा, ऑर्डरच्या टेबलमधल्या शेवटच्या नोंदीची वेळ बघा आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा.