‘ग्लुटाथिओन मेलॅनिन धुऊन काढतं’ म्हणे!

लग्नसराई आली की तो मेसेज परत फिरायला लागतो, काल आमच्या फॅमिली ग्रुपवर पण आलाच. ग्लुटाथिओन म्हणे शरीरातच बनणारं नॅचरल अँटीऑक्सिडंट, त्वचेत साचलेलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, धुऊन काढतं, गोरेपणा कायमचा, साइड इफेक्ट शून्य, आणि शिरेतून घ्यायची त्याची ड्रिप परवडत नसेल तर व्हिटॅमिन सी म्हणून चेहऱ्याला लिंबू चोळा. मावशीला तिथेच लिहिणार होतो पण लांबलं, म्हणून इथे.

“साचलेलं मेलॅनिन धुऊन काढतं.” अहो, मेलॅनिन काय गटारातला गाळ आहे का साचायला? ऊन अडवायला आपल्याच पेशी ते बनवतात, आणि गंमत म्हणजे ते स्वतःच पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स टिपतं, म्हणजे अँटीऑक्सिडंट घेऊन घालवायचं काय तर अँटीऑक्सिडंटच. खऱ्याचा अंश आहे थोडा, तोही सांगतो. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून टायरोसिनेज हे एन्झाइम डोपाक्विनोन हा रंगाचा कच्चा माल बनवतं. तिथून गाडी सरळ गेली तर काळं-तपकिरी युमेलॅनिन, पण वाटेत ग्लुटाथिओनमधलं सिस्टीन हे अमिनो आम्ल चिकटलं की ती पिवळट-लालसर फिओमेलॅनिनकडे वळते. व्हिटॅमिन सी वेगळंच करतं, डोपाक्विनोनला उलटं मागे, डोपा ह्या पदार्थावर आणून सोडतं. दोघांची लुडबुड रंग बनताना, एकदा बनून वर आलेला रंग ते पुसत नाहीत, तो जुन्या पेशी झडतात तसा काही आठवड्यांनी जातो. त्यातून गोळी घेतली तर बरंचसं ग्लुटाथिओन आतड्यातच तुटतं, शिरेतून दिलं तर रक्तातलं प्रमाण काही मिनिटांतच उतरायला लागतं.

“कायमचा.” रंगपेशी तिथेच, जीन्स तेच, ऊनही तेच. मग कायमचं कसं होईल?

“शरीरातच बनतं म्हणून साइड इफेक्ट नाही.” इन्सुलिनपण शरीरातच बनतं, उगाच टोचून घ्याल का? हे खूळ जिथे जोरात आहे त्या फिलिपिन्सच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०११ मध्येच गोरेपणासाठीच्या ग्लुटाथिओन इंजेक्शनबद्दल इशारा दिला, त्यात यकृत, किडनी, मज्जासंस्थेवरचे परिणाम आणि अंगाची कातडी सोलून निघेल इतकी गंभीर रिअ‍ॅक्शन, सगळं आहे. तिथे त्याला मान्यता होती ती सिस्प्लॅटिन ह्या केमोच्या औषधाचा नसांना होणारा त्रास कमी करायला.

आणि लिंबू! व्हिटॅमिन सी सीरममध्ये साधारण १० ते २० टक्के असतं, लिंबाच्या रसात ०.०५ टक्क्यांच्या आसपास. वर त्याचा पीएच दोनच्या जवळ, म्हणजे चांगलंच आम्ल, आणि त्यातली सोरालेन्स नावाची रसायनं उन्हात गेलं की त्वचा भाजतात, फोड येतात आणि मागे राहतो तो काळा डाग, तोही महिनोन्‌महिने. मी कॉलेजात असताना मानेला चोळून भर दुपारी क्रिकेटला गेलो होतो, मे महिन्यातला डाग दिवाळीपर्यंत कॉलरखाली लपवत होतो.

ज्यांना वांग आहे त्यांनी स्किनच्या डॉक्टरांना विचारून आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड सनस्क्रीन घ्या, कारण वांग नुसत्या यूव्हीने नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो आणि साधं बिनरंगाचं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही.