‘एक्सपोर्टला प्रोग्रेसिव्ह करा, रेषा जातील’ : हा सल्ला कुठे चुकतो

लग्ना-मुंजीच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो आहे. साधारण असा : ‘हलणाऱ्या माणसांच्या कडेला आडव्या रेषा दिसत असतील तर कॅसेट खराब झाली आहे. एडिटिंग झाल्यावर एक्सपोर्टमध्ये फील्ड ऑर्डर प्रोग्रेसिव्ह करा, साइझ १९२० बाय १०८० घ्या, बिटरेट वाढवा. तरीही रेषा राहिल्या तर एआय अपस्केलरमधून काढा.’ यातलं पहिलं विधान चुकीचं आहे आणि पुढचे उपाय त्या क्रमाने केले तर फाइल कायमची बिघडते.

कॅसेटचा इथे दोष नाही. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्ड, म्हणजे दोन अर्धी चित्रं, मिळून बनते. एका फील्डमध्ये एकाआड एक अशा २८८ ओळी, दुसऱ्यात उरलेल्या २८८, आणि दोन्हींत १/५० सेकंदाचं अंतर. यालाच इंटरलेस्ड म्हणतात; प्रोग्रेसिव्हमध्ये फ्रेमच्या सगळ्या ओळी एकाच क्षणाच्या असतात. एखादी व्यक्ती ७२० पिक्सेल रुंदीचं चित्र ४ सेकंदांत ओलांडत असेल तर दोन फील्डच्या मधल्या वेळात ती साडेतीन पिक्सेलच्या वर सरकते. दोन्ही फील्ड एकाच स्थिर चित्रात दाखवले की तिच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. पाटावर स्थिर बसलेल्या माणसाला ते नसतात, ही साधी खूण. टेप खरोखर खराब असेल तर पांढऱ्या रेघा चमकून जातात, चित्राचा वरचा भाग वाकतो, रंग ओघळतो. आणि हे स्थिर दृश्यातही होतं.

आता ‘प्रोग्रेसिव्ह करा’कडे येऊ. एक्सपोर्टमधला तो पर्याय निवडल्यावर काय होईल हे सॉफ्टवेअर मूळ क्लिपला काय समजतंय यावर ठरतं. क्लिप चुकून प्रोग्रेसिव्ह म्हणून ओळखली गेली असेल (यूएसबी कॅप्चर उपकरणांच्या फाइलींत हे नेहमीचं) तर काहीच प्रक्रिया होत नाही. दाते चित्रात कायमचे बसतात, वर फाइलवर ‘प्रोग्रेसिव्ह’ असा शिक्का बसतो. मग टीव्ही किंवा व्हीएलसी प्लेअरनेही डीइंटरलेस करायचं, म्हणजे फील्डपासून पूर्ण प्रोग्रेसिव्ह फ्रेम बनवायचं, कारण उरत नाही. म्हणजे मूळ फाइल जी टीव्हीवर बरी दिसत होती, ती एक्सपोर्टनंतर वाईट दिसू लागते.

क्लिप बरोबर ओळखली गेली तर रेषा जातात हे खरं, पण २५ फ्रेमच्या एक्सपोर्टमध्ये बहुतेक एडिटर एक फील्ड टाकून देतात आणि दुसऱ्याच्या ओळींमधल्या जागा अंदाजाने भरतात. हालचालीचे ५० क्षण होते, उरले २५. वरातीतला नाच म्हणूनच अडखळल्यासारखा दिसतो. पैठणीच्या काठावरच्या बारीक आडव्या रेषा तर तुटून लुकलुकायला लागतात, कारण उभ्या दिशेचा निम्मा तपशीलच गेलेला असतो. काही ठिकाणी ‘ब्लेंड’ पर्याय सुचवला जातो. त्यात दोन क्षण एकमेकांत मिसळतात, हलणाऱ्या हाताच्या दोन पुसट सावल्या येतात, आणि त्या नंतर वेगळ्या करता येत नाहीत. तो पर्याय आम्ही तरी कुणाला सांगणार नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान ‘१०८० घ्या’ या पायरीत आहे. ५७६ ओळींचं चित्र १०८० ओळींवर ताणलं की प्रत्येक नवी ओळ शेजारच्या जुन्या ओळींच्या मिश्रणातून बनते, म्हणजे दोन वेगवेगळ्या क्षणांच्या मिश्रणातून. बारीक दात्यांच्या जागी जाड, लाटांसारखे पट्टे येतात. आता कोणती ओळ कोणत्या फील्डची हेच उरलं नसल्याने कुठलाही डीइंटरलेस फिल्टर काम करत नाही. क्लिप वर-खाली हलवणं, झूम, स्टॅबिलायझेशन यांतही हाच धोका. नुसती एक ओळ वर सरकली तरी फील्डचा क्रम उलटतो.

बिटरेट वाढवल्याने दाते अधिक रेखीव जपले जातात, एवढंच. चित्र मोठं करणाऱ्या एआय अपस्केलरलाही दाते म्हणजे तपशीलच वाटतात; तो त्यांच्या पक्क्या पायऱ्या करून देतो.

योग्य क्रम उलटा आहे : डीइंटरलेस आधी, बाकी सगळं नंतर. कॅप्चर ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्डच करा. मिनीडीव्ही ही डिजिटल टेप असेल तर फायरवायर केबलने. टेपवरचा डेटा जसाच्या तसा येतो, तासाला सुमारे १३ जीबी, आणि त्यावरच्या डीव्ही फॉरमॅटचा फील्डचा क्रम नेहमी खालचं फील्ड आधी. व्हीएचएससाठी लॉसलेस कोडेक, म्हणजे चित्रातलं काहीही न गमावता फाइल लहान करणारा, वापरा. अजिबात कॉम्प्रेशन नसेल तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात, हफवाययूव्हीसारख्या कोडेकने त्यापेक्षा बरंच कमी. कॅप्चर करतानाच ६४० बाय ४८० करणारं सॉफ्टवेअर वापरू नका, कारण ताणण्याची चूक तिथेच होऊन बसते. एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी या एचडी कॅमेऱ्यांच्या फॉरमॅटच्या १०८०आय (इंटरलेस्ड) फाइलींत वरचं फील्ड आधी असतं.

मग एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रक्रियेच्या प्रोग्रॅममधला बीडब्ल्यूडिफ हा डीइंटरलेस फिल्टर ‘सेंड फील्ड’ मोडमध्ये चालवा, म्हणजे प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम होऊन ५० फ्रेम मिळतात. हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर सोपं वाटत असेल तर फिल्टर्समध्ये बीडब्ल्यूडिफ, प्रीसेट ‘बॉब’, आणि फ्रेमरेट ५०. तिथे २५ राहिलं तर निम्म्या फ्रेम गळतात. मळकट व्हीएचएसला एव्हीसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या प्रोग्रॅममधलं क्यूटीजीएमसी हे डीइंटरलेसर सरस ठरतं. काठांचं लुकलुकणं तेच नीट शमवतं, पण वेळ भरपूर खातं. नंतर चालणाऱ्या माणसाचा एक तुकडा फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन पाहा. पाऊल पुढे, मग किंचित मागे, पुन्हा पुढे असं दिसलं तर फील्डचा क्रम उलटा धरला गेला आहे. क्रम बदलून पुन्हा चालवा. पूर्ण कॅसेटवर रात्रभर प्रक्रिया लावण्याआधी ही तपासणी १० सेकंदांच्या तुकड्यावर उरकावी.

आता एडिटिंग. सिक्वेन्स (एडिटरमधली टाइमलाइन) ५० फ्रेम, प्रोग्रेसिव्ह. व्हीएचएसच्या तळाशी असलेला फाटका पट्टा कापा, ४:३ चित्र १४४० बाय १०८० वर न्या. १९२० पर्यंत ओढलं तर नवरदेव आडवा फुगतो. यूट्यूबसाठी हे मोठं करणं उपयोगाचं आहे, कारण तिथे ५० फ्रेम ७२०पी किंवा त्याहून मोठ्या आकारातच टिकतात. एच.२६४ मध्ये सीआरएफ, म्हणजे दर्जा ठरवणारा आकडा, १८ च्या आसपास पुरे. तपासताना व्हीएलसीच्या व्हिडिओ मेन्यूत डीइंटरलेस ‘ऑफ’ ठेवा, नाहीतर प्लेअरच रेषा लपवेल आणि फाइल बरोबर आहे असं वाटेल.

मात्र सरसकट डीइंटरलेस करणंही चूकच. सिनेमाच्या पाल डीव्हीडीत बहुधा दोन्ही फील्ड एकाच फिल्म फ्रेममधून आलेले असतात. तिथे दाते नसतातच, आणि फिल्टर लावला तर चांगला तपशील वाया जातो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली कॅसेट तिथल्या एनटीएससी पद्धतीची असते : ४८० ओळी, सेकंदाला ५९.९४ फील्ड. ती पालच्या टाइमलाइनवर थेट टाकू नका. आधी तिच्याच वेगाने ५९.९४ प्रोग्रेसिव्ह करून घ्या. आणि ग्राहकाला डीव्हीडीच हवी असेल तर कॅप्चरपासून शेवटपर्यंत इंटरलेस्डच राहू द्या, फील्डचा क्रम कुठेही न बदलता, आणि नावांच्या पाट्यांत एका पिक्सेलची आडवी रेघ वापरू नका. ती एकाच फील्डमध्ये पडून थरथरते.