चिपीचं मुंबई विमान आणि कुडाळचा कट्टा

2024 ची भाऊबीज. संध्याकाळी कुडाळच्या कट्ट्यावर आम्ही चौघं, मध्ये चकल्यांचा डबा. आठवड्यापूर्वी आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून मुंबईला जाणारं विमान बंद पडलं होतं, त्यामुळे दुसरा विषयच नव्हता.

तात्यांनी सुरुवातच धारदार केली. "मी पहिल्यापासून सांगत होतो. पलीकडे गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हाच चिपीचं भवितव्य ठरलं. तिथे मोठी विमानं दिवसभर उतरतात. सावंतवाडी-बांद्याचा माणूस चिपीला कशाला येईल?"

"आणि मालवणच्या माणसाने काय करायचं?" मी विचारलं. "मोपाहून टॅक्सीने घरी यायचं, तर विमानाइतकेच पैसे टॅक्सीला जातात."

मास्तरांनी हिशेब मांडला. मास्तर बोलायला लागले की आम्ही थांबतो. 9 ऑक्टोबर 2021 ला चिपी सुरू झालं. मुंबईचं विमान 'उडान' योजनेतलं. या योजनेत तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागा साधारण 2500 रुपयांत द्यायच्या, आणि कंपनीला येणारी तूट सरकारने भरायची. ती भरपाई फक्त तीन वर्षं. "ऑक्टोबर 2024 ला तीन वर्षं संपली आणि विमान गेलं. मोपाला कशाला दोष देता? मुदत संपल्यावर काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं."

मला हे पूर्ण पटत नाही. मुदत होती तेव्हा तरी सेवा धड कुठे मिळाली? आत्याला टाटा रुग्णालयात तपासणीला न्यायचं म्हणून मी जुलैत दोनदा तिकीट काढलं. एकदा ढग खाली उतरले म्हणून विमान रद्द, ते मी समजू शकतो. दुसऱ्यांदा लख्ख ऊन होतं आणि सकाळी नुसता मेसेज आला. आत्या साडी नेसून, फाइल मांडीवर घेऊन ओटीवर बसली होती. 2500 मीटरची धावपट्टी, चकचकीत इमारत, सगळं आहे. पण विमान येणार की नाही हे आदल्या रात्री सांगता येत नसेल, तर आजारी माणसाला त्याचा काय उपयोग?

रिक्षावाले भाऊ इतका वेळ गप्प होते. "माका सांगा, दादर गाठूक लोकांका रेल्वे व्हयी. इमान कोणाक व्हया? सत्तर माणसांचा ता. तेच पैसे गाडयेक डबे वाढवूक घाला."

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. चतुर्थीला डब्याच्या दारात उभं राहून आलेल्या चाकरमान्यांना मी पाहिलंय. वंदे भारतसुद्धा कणकवलीला थांबते, कुडाळहून पुढे निघून जाते. तरी मी म्हटलं, "भाऊ, वस्तीची एसटी चार माणसं घेऊन जाते. तिला कुणी नफा विचारतं का?"

"वस्तीच्या गाडयेत गरीब बसता," भाऊ म्हणाले.

"माझी आत्या श्रीमंत नाही. तिला बारा तास बसवत नाही, एवढंच."

मास्तरांनी कोल्हापूर काढलं. उजळाईवाडीचा विमानतळ 1939 चा, राजाराम महाराजांच्या काळातला. तिथेही विमानं सुरू झाली, बंद पडली; 2018 नंतर कुठे बस्तान बसलं. तात्या म्हणाले, "तिथे कारखानदारी आहे, इथे काय आहे?" मग आंबा निघाला, पर्यटक निघाले, आवाज चढले. पुण्याचं, हैदराबादचं विमान येतंय, याचीही आठवण कुणीतरी करून दिली. पण आमची माणसं मुंबईत आहेत, आमचे डॉक्टर मुंबईत आहेत. मुंबईचं विमान नसलेला सिंधुदुर्गातला विमानतळ मला अर्धाच वाटतो, आणि ते पैसे सरकारने तीन वर्षांपुढेही घालावेत असं मी ठामपणे म्हणालो. तात्या आणि भाऊ शेवटपर्यंत नाही म्हणाले.

उठताना भाऊंनी विचारलं, "आत्येची पुढची तारीख कधी?"

"6 जानेवारी."

त्यांनी बोटांवर मोजलं. 1 नोव्हेंबरपासून रेल्वेचं आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. "म्हणजे 5 तारखेच्या कोकणकन्याचा बुधवारी. सकाळी आठाक खिडकी उघडता. मी सातांक येतंय, तयार रव."