झाँग जहाज आणि पुण्याच्या कुणबिणी

कोहिनूरची किंवा इंग्रजांनी केलेल्या लुटीच्या भरपाईची बातमी आली, की गावाकडच्या आमच्या ग्रुपवर दोन मतं हमखास येतात. इंग्रजांनी आधी गुलामांच्या व्यापाराचा हिशेब द्यावा, हे एक. आपल्याकडे गुलामगिरी कधी नव्हतीच, हे दुसरं. पहिलं मला मनापासून पटतं. मी राहतो त्या लिव्हरपूलची श्रीमंतीच त्या व्यापारातली. दुसरं वाचलं की मात्र राग येतो.

1781 च्या ऑगस्टमध्ये ‘झाँग’ हे जहाज आजच्या घानाच्या किनाऱ्यावरून 442 आफ्रिकी माणसं कोंबून जमैकाकडे निघालं. मालक लिव्हरपूलचे, त्यांतला मुख्य विल्यम ग्रेगसन हा शहराचा माजी महापौर. कप्तान ल्यूक कॉलिंगवुड मूळचा जहाजावरचा डॉक्टर. रोगराईनं माणसं मरू लागली, त्यात जमैकाला दुसरंच बेट समजून जहाज पुढे गेलं. मग पाणी अपुरं असल्याचं कारण काढून 29 नोव्हेंबरला 54 बायका-मुलांना समुद्रात फेकण्यात आलं. 1 डिसेंबरला 42 पुरुषांना. मध्ये पाऊस पडला, पाणी साठलं, तरी आणखी 36 जणांना फेकलं. जहाज जमैकाला लागलं तेव्हा त्यावर 420 गॅलन पाणी शिल्लक होतं.

आजारानं मेलेल्या गुलामाचे पैसे विमेवाला देत नसे. जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ फेकावा लागला, तर देत असे. मालकांनी माणशी 30 पौंड मागितले. 1783 मध्ये लंडनला खटला उभा राहिला तो या पैशांचा, खुनाचा नव्हे. ज्यूरीनं कौल मालकांना दिला. ज्यूरीच्या लेखी हे घोडे समुद्रात फेकण्यासारखंच होतं, असं सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड म्हणाले. त्यांनी फेरसुनावणीचा आदेश दिला, पण खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. जहाजाची नोंदवहीही गहाळ झाली. तरी आज आपल्याला हे माहीत आहे, कारण गुलामीतून सुटलेला ओलाउदा इक्वियानो ही बातमी घेऊन गुलामीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्प या इंग्रजाकडे गेला, आणि शार्पनं लघुलेखक बसवून सुनावणी उतरवून घेतली.

ब्रिटननं 1833 च्या कायद्यानं गुलामी संपवताना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. त्यासाठी काढलेलं कर्ज 2015 मध्ये फिटलं, असं इथल्या अर्थखात्यानंच सांगितलं. म्हणजे तोवर इथं कर भरणाऱ्या मराठी माणसाचाही त्यात वाटा आहे. लिव्हरपूलच्या पालिकेनं 1999 मध्ये माफी मागितली. अलीकडे गुलामांच्या व्यापाऱ्यांची नावं असलेल्या रस्त्यांवर माहितीच्या पाट्या लागल्या. ‘किती दिवस उगाळणार’ म्हणणारे इथेही भेटतात. पाट्या तरीही लागल्या.

आता पुणं. त्याच अठराव्या शतकात तिथं कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री चाले. दुष्काळात विकलेल्या, स्वारीत धरून आणलेल्या, बदकर्माचा ठपका ठेवून सरकारजमा केलेल्या या बायका किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागांत राबत. त्यांच्या किमती, त्यांची देवाणघेवाण मराठेशाहीच्या कागदांत नोंदलेली आहे. गोव्यात पोर्तुगीज मोझांबिकहून माणसं आणत. ब्रिटिश जहाजांनी अटलांटिकपार तीस लाखांवर माणसं नेली. त्या आकड्याशी आपली तुलना नाही, हे मान्य. पण पागेत शेण काढणाऱ्या त्या बाईला ही तुलना काय कामाची?

हे लिहिलं की उत्तर ठरलेलं असतं: इंग्रजांच्या हाती कोलीत कशाला देता? मला उलट वाटतं. शार्प स्वतःच्या देशातल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांविरुद्ध उभा राहिला, म्हणून आज त्या देशाला जाब विचारायला आपल्याकडे पुरावा आहे. आपल्या पुराव्यातला मोठा भाग पुण्याच्या दफ्तरात, मोडी लिपीत आहे. मोडी वाचणारी मुलं आपल्याकडे तयार होताहेत. त्यांना पगार देऊन सरकारनं कुणबिणींचे कागद उतरवून घ्यावेत, नावं आणि किमतींसकट छापावेत. आणि शनिवारवाड्यात पेशव्यांची वंशावळ सांगतात, तिथं या बायकांबद्दलही एक पाटी लावावी.