काँक्रीटचं म्हणजे पक्कंच, असं नाही

इंग्लंडमध्ये घर घेण्याबद्दलचा एक लेख वाचला. त्यात लेखकाने तिथल्या ‘एअरी’ नावाच्या जुन्या काँक्रीटच्या घरांना ‘स्वस्त आणि मस्त’ म्हटलंय. स्वस्त खरं, पण का स्वस्त ते सांगायला हवं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांचा तुटवडा होता, म्हणून कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे खांब आणि पट्ट्या आणून ही घरं झटपट उभी केली. ८०च्या दशकात लक्षात आलं की आतलं लोखंड गंजून खांबांना तडे जातायत. मग १९८४ च्या कायद्याने असे बरेच प्रकार ‘सदोष’ ठरवले.

आम्ही लीड्सजवळ असंच एक बघितलं होतं. दर्शनी भिंत बाहेरून एकावर एक आडव्या पट्ट्यांची, आतून नवाकोरा रंग. एजंट बागेचंच कौतुक करत होता. दुरुस्तीचं प्रमाणपत्र मागितल्यावर गडी गप्प! ते नसेल तर बहुतेक बँका कर्जाला उभं करत नाहीत. म्हणजे उद्या विकायचं झालं तर रोख पैसेवालाच शोधा.

आणि नुसता बाहेरून विटांचा थर चढवला म्हणजे दुरुस्ती झाली असं समजू नका. जुने खांब काढून नव्या भिंतींवर भार घेतलाय का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच सांगेल. जोडघर असेल तर शेजाऱ्याचं घरही बघा. त्याने दुरुस्ती केली नसेल तरी काही बँका नाक मुरडतात.

आम्ही शेवटी विटांचंच घेतलं, एक खोली कमी.